लागेल तेवढी उंची

कर्जाच्या पानावर एकोणीस प्रश्न आहेत.
प्रश्नाला बोट लागलं की खालचं उत्तर उलगडावं,
पुन्हा लागलं की मिटावं.
काम एवढंच. तीन दिवस झाले.

उघडतं, पण लाथेने दार उघडावं तसं.
पहिला उघडला की उरलेले अठरा दचकून खाली पळतात
आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते.

मी लिहिलं होतं: उंची, शून्यापासून लागेल तेवढी.
ठाकुरद्वारची मावशी डब्यांची कणीक अशीच मळते;
किती, विचारलं तर म्हणते, लागेल तेवढी,
आणि रात्री परातीत गोळा उरत नाही.
ब्राउझरला असं सांगून भागत नाही.
शून्य आणि लागेल तेवढी
यांच्या मधोमध कुठला आकडा येतो, त्याला ठाऊक नाही.
मधली पायरी नसली की तो उडी मारतो.

मग कमाल उंची दिली, हजार.
दोन ओळींचं उत्तर हजाराच्या घाईने सुटलं
आणि मिटताना आधी नुसतंच थांबून राहिलं,
नसलेल्या नऊशे साठातून खाली उतरत,
पिशवीच्या तळाशी सुट्टे शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारखं.

बॅलार्ड इस्टेटमधली आमची इमारत जुनी.
लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा, पितळी मूठ,
स्टुलावर धाकू गुरव.
जाळी मिटते तेव्हा तिच्या सगळ्या चौकटी एकदम बारीक होतात,
कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.
मी फोनवर वेळ मोजला.
'काय मोजताय, मॅडम?'
म्हटलं, तुमचं दार. सव्वा सेकंद लागतो.
माझ्या पडद्यावर पाव सेकंदाच्या वर परवानगी नाही.
धाकूने मुठीवरचा हात काढला नाही.
'पाव सेकंदात कुणाचं बोट अडकलं तर?
सुरुवातीला मी पण झपकन ओढतो.
शेवटची बोटभर जागा सावकाश.'

वर येऊन वेगाची रेघ वाकवली.
सुरुवात उभी, शेवट आडवा.
उंचीऐवजी वाटा दिला, शून्य वाट्यापासून एक वाट्यापर्यंत;
एवढं मात्र ब्राउझरला मोजता येतं.
उघडायला दोनशे ऐंशी मिलिसेकंद, मिटायला दोनशे.
हलत्या गोष्टींनी ज्यांना गरगरतं
त्यांच्यासाठी निराळी ओळ: हलू नकोस, नुसतं उघड.

मग अफशीन मुकादम बसली तपासायला.
तिला पडदा दिसत नाही. कानात यंत्राचा आवाज असतो,
इतका भरधाव की मला नुसती चिवचिव ऐकू येते.
'एकोणिसावा बंद आहे?'
बंद आहे.
'मग मला का ऐकू येतोय?'

एकोणिसावा प्रश्न:
कर्जदाराचा मृत्यू झाल्यास?
बाबांच्या वेळी तो मी कागदावर वाचला होता,
घडीच्या आत, बारीक अक्षरांत, बँकेच्या बाकावर.
परवा इथे चिकटवताना वाचला नाही,
नुसता चिकटवला.

'उंची शून्य केलीस तू,' अफशीन म्हणाली,
'पण माणूस घरातच आहे. लाइट तेवढी घालवलीस.'

म्हणून अजून एक ओळ लिहिली:
पूर्ण मिटल्यावर, त्याआधी नाही,
मजकूर खरोखर नाहीसा कर.
सात वाजून गेले होते. खाली धाकूची पाळी संपलेली,
जाळीला कुलूप, उतरायला जिना.

अफशीनने टॅबची कळ दाबली, एकोणीस वेळा.
प्रत्येक ठिकाणी आवाज म्हणाला, मिटलेलं.
'आता गप्प आहे,' ती म्हणाली. 'उघड.'

उत्तर उलगडलं.
यंत्राने वाचलं, त्याच चालीत, न थांबता:
मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती, एक मूळ,
वारसाची सही.

मी बघत होते
खालची रिकामी जागा कशी सरकते ते,
शेवटी अगदी सावकाश.