तेरावी

दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात
भिंगं बदलत लोकांना विचारते:
आता नीट दिसतं? आणि आता?
की आधीचं बरं होतं?

रात्री शटर, जेवण, आईची गोळी
सगळं उरकलं की कानांत बोंडं खुपसते
आणि उतरत जाते खाली,
जिथं गाण्यावर धड चित्र नसतं,
गाणाऱ्याला धड नाव नसतं,
आणि ऐकणारे वीस झाले तर वरात निघाली म्हणायची.

नऱ्ह्याच्या हॉस्टेलात उशीत तोंड घालून म्हटलेलं,
वरच्या मजल्याला कळू नये म्हणून.
बोपोडीत पत्र्याखाली तिघांनी बडवलेलं,
त्यातला एक सारखा पुढं पळतो.
एक बाई, तिचा श्वास, आणि मध्येच
दाण्याचं कूट करणारा मिक्सर.
बरंचसं कच्चं. काही तर सरळ वाईट.
पण वाईट असलं तरी हातचं,
साच्यातून निघालेलं नव्हे.

फेब्रुवारीत असंच सापडलं एक:
“चौथा टेक, गाडी आली.”
गाणाऱ्याचं नाव, कोळसा.
चार वर्षांत बारा.
मी तेरावी. आईला सांगितलं असतं
तर म्हणाली असती, हा काय आकडा झाला?

पेटी होती. पण पेटीला कुणीतरी
गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जुंपलेलं,
सूर असा फाटलेला
की त्याच्या कडा बोटांना लागाव्यात.
शब्द नव्हतेच, एक माणूस नुसता हुंकारत होता.
दुसऱ्या मिनिटाला लांबून घंटा,
मग भोंगा, लांबलचक,
आणि तो थांबला.
वाजवणं सोडून बसून राहिला.
वाघिणी जात राहिल्या. मी मोजल्या, अठ्ठावन्न.
शेवटची गेली, आणि त्यानं
भोंग्याचाच सूर उचलून गाणं पुढं नेलं,
कुणाचा पडलेला रुमाल उचलून द्यावा तसं.

मी मागं नेलं. परत लावलं.
आता? आणि आता?
ती घंटा माझ्या ओळखीची होती.
घोरपडीचं फाटक. मावशीकडं क्लासला जाताना
तिनं माझी अर्धी दहावी खाल्लीय.

सोमवारी दुकान बंद. स्कूटर काढली.
फाटकापाशी पंक्चरवाल्याला विचारलं,
इथं पेटी कोण वाजवतं?
त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
“लग्नाचं आहे का काही?”

शमुवेल ओहोळ. डिझेल शेडमध्ये कामाला.
कोपरापर्यंत काळे हात, आणि चष्म्याची
एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
मला तीच आधी दिसली. धंद्याची खोड.
म्हटलं, तुमचं गाणं ऐकलं.
“कुठलं?”
एक बोंड त्याला दिलं, एक मला.
फाटक पडलेलं. आम्ही उभे.
“चौथा चुकलाय,” तो म्हणाला. “पाचवा बरा होता.
फोन भरला तेव्हा पोरीनं उडवला.”
मग जरा वेळानं, “म्हणजे तुम्ही एकट्याच.”
एकटी कशी? बारा जण आहेत की.
“बारा वेळा मीच लावलंय. चढलं का नाही बघायला.”

मी काडी फुकट बसवून दिली.
दुसरं काही सुचलं नाही.

कुणाला सांगितलं नाही अजून.
गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवताना
ओठांवर येतं, मागं जातं.
सापडलेली वस्तू माणूस मुठीत धरून बसतो
आणि मूठ ओली होते, एवढंच.
मीच ऐकत राहते. आकडा वाढत राहतो,
एकोणीस, सत्तावीस, चाळीस,
त्याला वाटत असेल, पसरतंय पुण्यात.

काल रात्री उघडलं तेव्हा एकेचाळीस.
हे माझं नव्हे.
इतकी चिडले, इतकी हरखले
की उठून गॅलरीत गेले.
समोर खिडक्याच खिडक्या, बहुतेक विझलेल्या.
यातल्या कुणाच्या कानात आत्ता
अठ्ठावन्न वाघिणी चालल्या असतील?
किंवा तोच असेल.
अजून चढलं का नाही, बघत.