चार इंच

डॉक्टर बारदेसकर म्हणाल्या,
कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घ्या,
मागे हवा खेळू दे.
मी मान डोलावली,
जसे काही चार इंच माझ्या पर्समध्येच होते.

विक्रोळीत, कन्नमवार नगरात,
आमची खोली एकशे ऐंशी फूट.
कपाट सरकलं की दिवाण सरकणार,
दिवाण सरकला की मोरीचं दार अर्धंच उघडणार,
आणि बुवा, म्हणजे माझे सासरे, कितीही वाळले असले
तरी अर्ध्या दारातून जाणार नाहीत.

निहार सात वर्षांचा.
नाव ठेवलं तेव्हा दव वगैरे छान वाटलं होतं.
आता घरात कुठं ओल धरली
तर आधी त्याच्या नाकाला कळतं,
मग छातीला.
रात्री तीनच्या सुमाराला शिट्टी सुरू होते
आणि मी अंधारात मोजत बसते.

गौरी गेल्यानंतरचा रविवार.
आमच्याकडे ऊन साडेदहाला येतं,
बाराला समोरच्या टॉवरमागे जातं.
त्या दीड तासात
गादी कठड्यावर, चार उशा, दोन रजया,
कापसाचं अस्वल कानाला चिमटा लावून दोरीवर.
अभ्रे उकळत्या पाण्यात.
झाडू नाही, ओलं फडकं;
झाडू फक्त झोपलेल्या धुळीला उठवतो.
आतली कपडे वाळवायची दोरी मी कापूनच टाकली.
उदबत्ती देवाला हात जोडून बंद.

नंदननं आणि शेजारच्या बाबल्यानं कपाट ओढलं.
मागे काळी मखमल.
भिंतीवर, पत्र्यावर, खालच्या कोपऱ्यात
बोटभर जाड, इतकी निवांत
की भाडं आपणच तिला द्यायला हवं.
तोंडाला ओढणी बांधून
मी साबणाच्या पाण्यानं घासत गेले,
तर खालून पिस्ता रंग निघाला,
लग्न होऊन आले तेव्हाचा.
तो मला आवडला नव्हता. अजूनही आवडत नाही.

मग पेटी उरली.
कपाट आणि दिवाण यांच्या मध्ये बसायची ती,
बुवांची, भजनातली, बरोबर चार इंच नडणारी.
मी काही बोलले नाही.
बुवांनीच झाकण काढलं.
भात्याच्या घड्यांत करडी साय,
कातड्याला कसर.
पुसून त्यांनी काळी चार धरली.
सुराच्या आधी शिट्टी आली,
तीच. रात्री तीनची.

निहार म्हणाला, आजोबा, हिला पण पंप द्या ना.

बुवांनी पेटी जुन्या चादरीत बांधली.
मंडळाच्या खोलीत ठेवतो, म्हणाले, वर पत्रा आहे,
कोरडी राहील.
नंदन पुढे झाला तर हात झटकला.
तीन मजले उतरताना
प्रत्येक वळणावर थांबले.
जड आहे, वरून बघणाऱ्या मला म्हणाले,
लाकूड जुनं आहे ना.

आता कपाटामागे हात जातो.
निहारनं दुपारी तिथं पट्टी घालून बघितली,
साडेचार भरले.
फटीतून वारा येतो असं तो म्हणतो,
मला काही लागला नाही,
पण त्याला म्हटलं, हो रे, येतो की.

तीनला सवयीनं जाग आली.
पंखा. वरच्या लोटलीकरांचा गळका नळ.
निहारच्या छातीवर हात ठेवला:
वर, खाली. वर, खाली. आवाज नाही.

शिट्टी मात्र चालूच होती.
बारीक, दबलेली,
दिवाणावरून, उशीत तोंड खुपसून.

इतकी वर्षं मला वाटत होतं
या खोलीत एकच छाती वाजते.
पंधराव्या वर्षी साच्यावर लागलेला माणूस.
गिरणी बंद पडली,
कापूस आतच राहिला असेल.

मंगळवारी पाचला नंबर आहे.
केसपेपर दोन काढायचे.