गाडीखालचं डांबर

मंगळवारी पहाटे पट्टा मारायला माणसं आली.
हिरवा. पोपटाचा नाही,
दवाखान्यातल्या पडद्याचा हिरवा.
कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत
पाच फूट सायकलला आले, म्हणजे
पाच फूट दुसऱ्या कुणाचे तरी गेले.
सोसायटीची खजिनदार आहे,
एवढी वजाबाकी मला येते.

इथं दोन खोल्यांवर दोन खोल्या चढल्या,
त्यांवर आणखी दोन,
आणि प्रत्येक मजल्यानं आपापली गाडी
खाली रस्त्यावर आणून ठेवली,
दाराबाहेर चप्पल काढावी तशी.
परवानगी नाही घेतली कुणी.
चपलेची कोण घेतं?

मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलले.
देवरुखकर वहिनी म्हणाल्या, डायलिसिसहून आलेला माणूस
मी काय चौकात उतरवू?
निमिषच्या आईनं तोंड उघडलं नाही.
पोराच्या गुडघ्याचा फोटो
तिनं मोबाइलवर हातोहात फिरवला,
टाके मोजता येत होते.
आणि मागच्या खुर्चीवरून जोमा पाटील,
ज्यांची भातं याच सेक्टरखाली गेली,
म्हणाले, आमची शेतां घेतली तवा
कोनी इचारलां, नांगर कुठं ठेवशील?
सगळे हसले.
ते नाही.

मी इतिवृत्तात लिहिलं : चर्चा झाली.

माझी गाडी मी हलवली नाही.
खरं म्हणजे ती हलतच नाही.
चार वर्षं झाली बॅटरी उतरून.
लेक पुण्याहून दिवाळीला येतो,
त्याच्या गाडीला जागा हवी, म्हणून ती उभी.
एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल
फक्त साडेतीन मीटर लांब,
आणि दर वर्षी त्याचा विमा भरते मी.

रंगवणारी माणसं शहाणी.
हाका मारल्या, हॉर्न वाजवला,
मग गाडीच्या कडेकडेनं ब्रश फिरवून
पुढं गेली.

महिपत तुर्भे स्टोअरवरून येतो सायकलवर,
हँडलला बादली, खांद्यावर फडकी.
तेवीस गाड्या पुसायचा, गाडीमागे तीनशे.
आता हिरव्यावरून सरळ येतो,
न थांबता, एका हातानं,
आणि माझ्या गाडीशी पोचला
की उतरतो, वळसा घालतो, पुन्हा चढतो.
तिलाही पुसतो. न चालणारीला.
काचेवर बोटानं कुणी काय लिहिलं असेल तेही पुसतो.

विचारलं त्याला, आता बरं ना रे?
म्हणाला, येताना लई बरं.
फडकं पिळलं.
पन ताई, गाड्याच गेल्या
तर येऊ कशाला?
तेविसाच्या चौदा झाल्या होत्या.
माझ्या हातात वही होती
आणि या रकमेला कुठला रकाना, ते सुचेना.

रविवारी भंगारवाल्याला बोलावलं.
महिपतनं, मी, निमिषनं ढकलली गाडी,
टायर सोडेनात रस्त्याला,
मग एकदम सुटली.
खाली निघालं डांबर,
काळंभोर, ऊन न लागलेलं,
एक बॅडमिंटनचं फूल,
बदामाची सुकी पानं,
आणि चारी बाजूंनी हिरवं कुंपण घातलेला
गाडीएवढा चौकोन.
नगरपालिकेला अर्ज केला :
उरलेला भाग रंगवून मिळावा.
लेकाला फोन नाही केला अजून.

सोमवारी सकाळी त्या चौकोनात
कुणाची तरी नवी स्कूटर उभी,
सीटवरचं प्लॅस्टिक न काढलेली.
रंग नाही, म्हणजे पार्किंगच असणार,
चूक तरी काय त्यांची.

महिपत आला. उतरला. वळसा घातला.
चार पावलं पुढं जाऊन थांबला,
वर माझ्या गॅलरीकडं बघत म्हणाला,
ताई, ही कुनाची?
पुसायची का?