पुलावरच्या पहारेकऱ्याचं नाव

गुरुवारी सातला मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो.
कामाच्या टेबलावरून सायकलच्या चेन, पाने, ग्रीसचा डबा उचलतो,
वर्तमानपत्र अंथरतो. डाग तरी वर येतातच;
त्यातल्या एकाला आम्ही चार वर्षं समुद्र म्हणतो.

बाहेर बिदगोश्च, ब्र्दा नदी, धान्याची जुनी कोठारं,
साडेतीनलाच मावळून गेलेला डिसेंबरचा दिवस.
आत चार भिडू.
इग्नात्सी ट्राम चालवतो; इथे रूळ सोडून कुठेही धावतो.
हाल्श्का दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणते,
इथे चोर आहे, कुलपांच्या तोंडात बोटं घालते.
तिमोन हिशेबनीस. मेलेल्या राक्षसाच्या खिशातली
नाणी मोजतो, पावती मागायची तेवढी राहते.
आणि दोब्रावा, इग्नात्सीची भाची, सोळा वर्षांची,
पहिले दोन महिने लिंबूटिंबू.

राज्य कायम माझ्यावर.
पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून मी वारा होतो,
कोल्हा होतो, जकात मागणारा कारकून होतो,
नवरा आणि बायको दोन्ही होऊन स्वतःशीच भांडतो.

त्या हिवाळ्यात मी किल्ला बांधला होता. सतरा पानं.
भुयारं, तळघरं, राणीच्या तीन पिढ्यांची वैरं,
पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार नाही, इथपर्यंत.
बायको म्हणाली, स्वयंपाकघरातली फरशी फुटलीय.
म्हटलं, हा एक बुरूज झाला की.

किल्ल्याआधी पूल होता. पुलावर पहारेकरी.
वहीत त्याच्या वाट्याला अर्धी ओळ:
भाला आहे. वाट सोडतो.
इग्नात्सीने फासा उचललाच होता,
तेवढ्यात दोब्रावा म्हणाली,
‘मी त्याला त्याचं नाव विचारते.’

नाव.
माझ्याकडे राणीच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं होती.
मी खोकलो. पानं चाळल्यासारखं केलं.
समोर मोहरीची बरणी, तिमोनने सॉसेजबरोबर आणलेली,
तिच्यावर कारखानदाराचं आडनाव.

‘विर्वास,’ पहारेकरी म्हणाला.
‘विर्वास, तुला थंडी वाजते का?’

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच माणसाला
हे कोणी विचारलं नव्हतं.
मी तोंड उघडलं, आणि काय सांगू, वाजत होती.
बूट फाटका होता. पगार तीन महिने थकला होता.
नदीपलीकडे बहीण होती, तिच्याशी अबोला;
कशावरून, ते त्यालाही आठवत नव्हतं,
मला तर नव्हतंच.

त्या रात्री कोणी पूल ओलांडला नाही.
हाल्श्काने त्याच्यासाठी लोकरी मोजे चोरले, कुठून ते विचारू नका.
तिमोनने थकलेल्या पगाराचा अर्ज लिहिला, व्याजासकट, खऱ्या कागदावर.
साडेदहाला शटरखालून वाकून जाताना
इग्नात्सी कुरकुरला, ‘मारामारी राहिली.’
मग रस्त्यावरून: ‘बहिणीचं काय झालं पुढे?’

दोन वर्षं झाली.
राणी अजून सतराव्या पानावर ताटकळतेय,
जेवण केव्हाच गार झालं असेल.
फरशी मात्र बसवली.

मध्येच एकदा वाटलं, फसवतोय मी यांना.
कुठला विर्वास, मोहरी ती. सांगून टाकलं.
दोब्रावा म्हणाली, ‘माहीत आहे.
तुम्ही बरणी वाचत होतात, मी तुमच्याकडे बघत होते.’
आणि फासा माझ्याकडे सरकवला.
‘आज तो बहिणीकडे गेलाय. ती दार उघडते का?’

हे मला ठरवता आलं असतं.
आडोशामागे काय पडलं ते कोणाला दिसतं?
खोटं दान मी कितीदा दिलंय, कधी दयेने,
कधी शेवटची ट्राम चुकेल म्हणून.
पण मी पुठ्ठा आडवा केला
आणि उघड्या टेबलावर टाकला.

वीस पैलूंचा तो फासा समुद्रावरून गडगडत गेला.
पाची जण वाकलो. चौघांना जे हवं होतं
तेच मलाही हवं होतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं.
पंधरा नंबरच्या पान्याला टेकून
तो तिरका उभा राहिला, ना हे ना ते.

‘हे धरायचं नाही!’ हाल्श्का ओरडली. ‘परत!’

दाराआड कोणीतरी
कडीवर हात ठेवून थांबलं.