सावलीची बाजू

एप्रिलात आमच्या नागपुरात सगळं सावलीकडे वळतं.
सेंट्रल अव्हेन्यूवर दुपारी एकाच बाजूनं माणसं चालतात,
दुसरी बाजू नुसती तापत पडलेली.
डोक्याला दुपट्टे, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या,
शाळेच्या पश्चिमेकडच्या काचांवर
गेल्या साली चिकटवलेले पेपर, पिवळे पडलेले.

अशात दहावीच्या जादा वर्गाला
दुर्गेश पराते चपलेचं खोकं छातीशी धरून आला.
खोक्याच्या एका अंगाला रुपयाएवढं भोक,
आत दांडी तुटलेल्या कपात पाच मूग.
पाचही भोकाकडे माना काढून,
गल्लीत वरात आली की खिडकीशी पोरं जमतात, तसे.

‘मॅडम, उजेडानं ओढलं ना याले?’

नाही रे.
मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.
उजेड कुणाला ओढत नाही.
तो येतो, एका बाजूला पडतो,
आणि पुढचं त्याला काही ठाऊक नसतं.

मी खडू घेतला. दोन उभ्या रेघा काढल्या, हा देठ.
उजेड कळतो तो वर, शेंड्याला.
ज्वारीच्या कोंबाला चांदीच्या कागदाची टोपी घाल,
तो सरळ वर जाईल, बाजूला सूर्य असला तरी.
शेंड्यातच एक द्रव्य तयार होतं, ऑक्झिन.
पुस्तकात त्याला दीड ओळ आहे.
ते खाली उतरता उतरता
उजेडाची बाजू सोडून सावलीच्या बाजूला सरकतं,
आणि तिथल्या पेशी लांब होतात.
उजेडातल्या आपल्या बेतानं वाढतात.
एक बाजू लांब, एक आखूड.
मग देठ करणार काय?
वाकतो.

‘म्हणजे सगळं काम अंधारातल्या बाजूनं केलं?’
हो.
‘आणि नाव उजेडाचं?’
वर्ग हसला. मी फळा पुसला.

शनिवारी त्याचे वडील आले, मारोतराव,
गोळीबार चौकात अजून एक हातमाग चालवतात.
नखांत खळ वाळलेली.
पोराच्या मार्कांचं विचारायला आले होते,
पण बघत राहिले खिडकीतल्या कपाकडे.
म्हणाले, ‘आमच्या मागावरही असंच होते, बाई.
एका काठाचा ताणा सैल राहिला
तं लुगडं सरळ उतरतच नाही,
ताठ काठाकडं वळत जाते.
आमी त्याले खोट म्हणतो,
शेठ पैसे कापते.
तुमी तेच शिकवता.’

मार्कांचं विचारायचं राहूनच गेलं.

मला दोन वर्षं झाली आता.
स्टाफरूममध्ये म्हणतात, बाई सावरल्या,
डब्यात पुन्हा वडाभात आणतात,
गॅदरिंगला हसल्या,
वळल्या बाई उजेडाकडे.
मी मान हलवते.
ज्या बाजूला रात्री कुणी नव्हतं
ती बाजू किती लांबली,
ते दोन रेघांत काढता येत नाही.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी
सिंधूबाईंनी खिडकी झाडताना कप उचलला
आणि ठेवताना उलटा ठेवला.
त्यांचा काही दोष नाही, कपाला दांडीच नाही.
तिसऱ्या दिवशी नकलांचे कागद न्यायला गेले, पाहिलं:
शेंडे पुन्हा काचेकडे,
पण खालचा जुना वाक तसाच,
तेवढा देठ आता कडक झालेला, त्याला परतता येत नव्हतं.
वर एक वळण, खाली एक वळण.

कप फिरवावासा वाटला.
फिरवला नाही.
बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं,
एका काचेवरचा पेपर नखानं खरवडला, वीतभर,
आणि दुपट्टा बांधून
सावलीच्या बाजूनं घरी गेले.