ओल्या कागदावरचा योणक

खैरनार साहेब म्हणाले, कागद भिजव,
पण गळू देऊ नकोस.
बादली घेऊन त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून
माझ्या पोटऱ्या अजून थरथरत होत्या.
खाली आग्रा रोडवर ट्रकांचे भोंगे.
सतरा नंबरच्या लेण्यात गारवा
आणि वटवाघळांचा वास.

कागद दगडाला चिकटवला,
ताठ केसांच्या ब्रशानं ठोकत गेलो,
भाकरी थापतात तितक्याच जोरानं,
तोवर की कागद अक्षरांत उतरला.
मग कापडाचा बोळा, काजळीची शाई, टप टप.
ठसा घेताना अक्षरं काळी होत नाहीत.
बाकी सगळं काळं होतं,
ती तेवढी पांढरी राहतात.

साहेब हवेत बोट फिरवत वाचू लागले.
सिधं.
हा ओतराह, उत्तरेकडचा.
गाव दातामिती.
आणि हे बघ, योणक.
योणक म्हणजे?
ग्रीक, ते चष्मा पुसत म्हणाले,
सिन्नरचा म्हणावं तसं.

मला ग्रीक ठाऊक ते आहेर मास्तरांच्या फळ्यावरचे.
काठीच्या सावलीवरून पिरॅमिड मोजणारे,
विहिरीतल्या उन्हावरून पृथ्वी.
मास्तरांनी छत्री रोवून
आमच्याकडून पाण्याची टाकी मोजून घेतली होती.
एकोणीस मीटर निघाली,
आणि वॉचमननं हाकललं.
चौकोनाचा कर्ण कुठल्याच मापात पुरा बसत नाही
हे कळलं तेव्हा म्हणे ती माणसं घाबरली,
लपवायला बघितलं त्यांनी.
मास्तर खडू ठेवून म्हणाले होते,
पण सिद्ध केलं होतं ना, मग लपतंय कसलं.

मी साहेबांना विचारलं, आपल्यात काय उरलं त्यांचं?
होरा, ते म्हणाले. केंद्र.
जामित्रसुद्धा.

माझा ब्रश थांबला.
जामित्रात मंगळ, असं सांगून
पंचवटीतल्या गुरुजींनी
हेमांगीची पत्रिका घडी करून परत दिली होती.
ओझरचं स्थळ गेलं.
आई दोन दिवस देवाजवळ बसून होती,
काही मागत नव्हती, नुसती बसून.

त्यांचा शब्द आहे तो, साहेब म्हणाले, मूळचा.
व्यास.
वर्तुळाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत
मधोमध जाणारी रेघ.
बास, एवढंच.

पुढची ओळ उजळली.
वाटलं, आता येईल काहीतरी,
नाटकांचं, ताऱ्यांचं, संगमरवराचं,
इतक्या लांबून आलेला माणूस
घरची थोरवी सांगितल्याशिवाय राहील का.
मातापितरो, साहेबांनी वाचलं.
आईवडलांसाठी खोदवलंय हे लेणं.
पाण्याची टाकीही.

वडलांचं नाव आहे?
आहे, धंमदेव.
आणि आईचं?
साहेबांनी दोनदा पाहिलं.
आई आहे. नाव नाही.

मी तेवढ्या जागेवर पुन्हा बोळा फिरवला,
एखादं अक्षर बुजलेलं असेल म्हणून.
छिन्नी घसरल्याचा ओरखडा निघाला.
साहेब म्हणाले, शाई वाया घालवू नकोस.

कागद वाळेपर्यंत हत्तींच्या खांबापाशी डबा खाल्ला.
मग गुंडाळी छातीशी धरून उतरलो,
वारा ती ओढत होता.

हेमांगीची पाळी तीनला सुटते, अंबडला.
गेटपाशी उभा राहिलो, हात काळेच.
म्हटलं, जामित्र म्हणजे व्यास गं. ग्रीक शब्द आहे.
तिनं ओढणीनं मान पुसली.
बेअरिंगच्या रिंगा तपासते ती, व्हर्नियर लावून.
व्यास? म्हणाली, दिवसाला चारशे मोजते मी.
आणि नापास किती?
पाच-सहा.
त्या टाकून नाही देत, परत मशीनवर जातात.

मग रिक्षा येईपर्यंत
गुंडाळीतलं अक्षर दाखव म्हणून मागे लागली.
मी एक कडा उलगडली.
ती बोट लावणार होती,
मी म्हटलं, थांब, अजून ओलं आहे.