एक घर पुढे

दिवे गेले ते एका अर्थी बरंच झालं.
अस्मारात अंधार पडला की आधी थंडी आत येते,
आज तिच्यामागोमाग केलाती आला, टोपी हातात घेऊन.
"पहाटे केरेनला निघायचंय. पुतणीचं लग्न."
मी म्हटलं, इंजिन सुरू कर आणि इकडे येऊन बघ.

फियाटच्या बॉनेटखाली, काळोखात,
जुन्या वायरींवरून निळे किडे पळत होते.
ठिणगी प्लगपर्यंत पोचत नव्हती,
वाटेतच सांडत होती,
भोक पडलेल्या पखालीतून पाणी सांडावं तशी.
"म्हणून चढावर धापा टाकते."
"मला वाटलं, माझ्याच वयाची झाली," केलाती म्हणाला.

नव्या वायरी बोलोन्याहून आलेल्या,
फेव्हेनच्या बॅगेत, बाळाच्या मोज्यांत गुंडाळून.
चार प्लगांच्या, एक कॉइलची.
रंग वांगी. केलातीने नाक मुरडलं.

एक काढायची, तिच्या जागी एक लावायची,
हा नियम मला शिवणाआधी शिकवला होता.
ओढायचं नाही, पिळायचं.
पण तिसऱ्या प्लगचं रबर असं भाजून चिकटलेलं
की त्याच्याशी झटताना
बाकीच्याही निघून आल्या,
आणि मी मूठभर वायरी धरून उभी,
हिशोब चुकलेल्या दुकानदारणीसारखी.

मेणबत्ती जवळ नेली.
डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर, चार घरांपाशी,
खिळ्याने कोरलेले आकडे होते. बाबांचे.
त्यांचा चार नेहमी खुर्चीसारखा.
पुस्तक म्हणतं, क्लिपजवळचं घर एकाचं.
बाबांनी तिथे कोरलं होतं, दोन.

शेवटी शेवटी नजर गेली होती त्यांची,
मी मनात म्हटलं, आणि पुस्तकाचं ऐकलं.
एक, तीन, चार, दोन.
प्रत्येक टोक टक्क आवाज होईपर्यंत दाबलं.
केलातीने किल्ली फिरवली.

कार्बोरेटरमधून असा बार निघाला
की मेणबत्ती विझली,
आणि पलीकडच्या सायकलवाल्याचं कुत्रं
निलगिरीच्या झाडांपर्यंत जाऊन थांबलं.

मग अंधारातच, बोटांनी आकडे चाचपत,
सगळ्या वायरी एकेक घर पुढे सरकवल्या.
खुर्ची बोटाला लगेच सापडली.

इंजिन बोललं. अडखळलं नाही.
बॉनेटखाली आता काहीच दिसत नव्हतं,
सगळा उजेड जिथे जायला हवा तिथे जात होता.

कधीतरी, कुणीतरी,
डिस्ट्रिब्यूटर पाव फेरा चुकवून बसवला होता.
बाबांनी तो उपसला नाही.
चुकीला चुकीचाच टेकू दिला, आकडे कोरले,
आणि गप्प राहिले.
चुकवणारे तेच असतील का?
माझा एक सैल नट
सहा महिने सगळ्या गल्लीला सांगणारे बाबा.

"आता सरळ करणार का?" केलातीने विचारलं.
"केरेनहून ये, मग बघू," मी म्हटलं.
त्याला कळलं, मी बघणार नाही.

पुस्तकातल्या आकृतीशेजारी पेन्सिलीने लिहिलं:
केलातीची गाडी, एक घर पुढे.
जुन्या वायरी पत्र्याच्या डब्यात टाकल्या, तांबं विकता येईल.
गाडी वळणापर्यंत गेली, थांबली,
उलटी परत आली.
मी पाना हातात घेऊन दारात.

टोपी विसरला होता.